‘पारंपरिक’ लिहिलंय तिथं कुणाचं तरी नाव होतं

कराडात लोकसाहित्यावर एम.ए. करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, “लोकगीतं मुळात कुणी रचली? पुस्तकात ‘कर्ता अज्ञात’ एवढंच सापडतं. आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं त्यावर पोट भरायचं का?”

ताई, मी पुस्तकवाला माणूस नाही. सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातला, मातंग समाजातला. हलगी घरातच होती, तेराव्या वर्षी ढोलकीवर बसलो, पुढं २७ हंगाम तमाशाच्या फडात काढले. आता गुडघे बोलतात म्हणून फड सुटला. यात्रेच्या कुस्ती मैदानात हलगी वाजवतो आणि गावातल्या चार पोरांना ढोलकी शिकवतो. जे हाताखालून गेलं तेच सांगणार आहे.

‘कर्ता अज्ञात’ हे मला कधी पटलं नाही. गाणं काय पावसात उगवत नाही. कुणीतरी पहिल्यांदा ते तोंडातून काढतं. पुढं त्या माणसाचं नाव का राहिलं नाही, ते शोधायला लागा, म्हणजे गाण्याचा जन्मही सापडतो आणि वाजवणाऱ्याचं पोटही.

जात्यापासून बघू. खरं तर जुना लेखी पुरावा जात्याचा नाही, उखळाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. त्यात एका ओळीत सांगितलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी आली १२९० ला. म्हणजे माउलींच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी ओवी बायकांच्या तोंडात रुळलेली होती, आणि ती राजाच्या कानापर्यंत गेली होती. छंद कुणी कुणाकडून घेतला यावर पंडितांनी वाद घालावा, मला त्यात शंका वाटत नाही.

ओवी कामातून जन्मली म्हणतात, ते मी डोळ्यानं बघितलंय. आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या हे सगळ्या आळीला ठाऊक. पण तोवर गावात पिठाची गिरणी येऊन पंधरा-वीस वर्षं झालेली, जातं परसात पालथं पडलेलं. एकदा शाळेचे गुरुजी वही घेऊन आले. “आजी, ओव्या सांगा.” आजी गप्प. दोन ओळी आल्या, तिसऱ्याला अडली. म्हणाली, “न्हाई बा आठवत.” गुरुजी उठायला लागले तशी तिनं चुलीपुढची परात पालथी घातली, तिच्यावर हाताची मूठ ठेवली आणि गोल गोल फिरवायला लागली. मग ज्या ओव्या सुरू झाल्या, त्या गुरुजींची वही भरली तरी थांबेनात. मधेच तिचा डावा हात आपोआप उठायचा, जणू टोपल्यातनं दाण्याची मूठ घेऊन जात्यात वैरायची आहे. तेवढ्या वेळात ओवी तुटायची आणि दुसरी लागायची. ओवीची लांबी कुणी ठरवली म्हणाल तर अशी: दोन मुठींमध्ये जेवढा श्वास पुरतो तेवढी.

आता त्या ओवीत नाव का नाही? नाव आहे की. भावाचं आहे, लेकाचं आहे, पंढरीचं आहे, माहेरच्या गावाचं आहे. गाणारीचं तेवढं नाही. प्रत्येक बाई आपल्या भावाचं नाव घालते, म्हणून एकच ओवी तासगावात एका नावानं आणि माणात दुसऱ्या नावानं ऐकू येते. स्वतःची सही करायची रीतच बाईला नव्हती. तुमच्या पुस्तकातला ‘अज्ञात’ म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं, की ती बाई होती.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्यांनी प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आणि गाव लावलं, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हीही तसंच करा.

ओवीचं वय काढताना मात्र फसाल. ओवीत मनिऑर्डर आली की वाटतं, ही १८८० नंतरची, कारण मनिऑर्डर तेव्हा सुरू झाली. सातारा-सांगलीची निम्मी गडीमाणसं मुंबईच्या गिरण्यांत नाहीतर पलटणीत, त्यामुळं मनिऑर्डर, आगगाडी, गिरणीचा भोंगा सगळं ओवीत आहे. पण आजीच्या एका ओवीत भाऊ मोटारीतून यायचा, आणि तिच्या थोरल्या जावेच्या ओवीत तोच भाऊ त्याच चालीत घोड्यावरून यायचा. घोडा उतरला, मोटार चढली, सांगाडा तोच. तेव्हा एका शब्दावरून गाण्याचं वय सांगू नका, फक्त त्या शब्दाचं सांगा.

धनगरांच्या ओवीची गोष्ट वेगळी. तिकडं आटपाडी, जत, माण या दुष्काळी पट्ट्यात रात्रभर बसून ऐकावी अशी ती. सुरुवातीला ‘सुंबरान मांडलं’ म्हणतात. सुंबरान म्हणजे स्मरण. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत ढोल सुरू झाले की पोटातलं पाणी हलतं. गाणारा कानावर हात ठेवून लांब सूर लावतो, मागचे ओढतात, मग मधेच तो साध्या बोलण्यात कथा सांगतो आणि परत सुरात जातो. बिरोबाची कथा प्रत्येक जण आपल्या वाडीच्या वाटेनं नेतो. मेंढरं जिथं जिथं बसवली ती गावं कथेत येतात. मला तर वाटतं धनगराची ओवी हा चराईचा नकाशाच आहे. त्यांना गाण्याचे पैसे कुणी देत नाही, त्यांचं पोट मेंढरांवर. शेतात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात शेतकरी दाणे देतो. गाणं देवाचं. म्हणून त्यात फार कमी मिसळ झाली, असा माझा अंदाज.

जिथं गाण्यावर पोट आहे तिथं गाणं सारखं बदलतं. गोंधळी घ्या. गोंधळात देवदेवतांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतात. आमच्या ओळखीचे एक जुने संबळवाले यजमानाच्या दारात शिरायच्या आधी शेजाऱ्याला हळूच विचारायचे, “यांचं कुलदैवत कंचं? बाई कुठल्या गावची?” मग तो क्रम तसा लावायचा. खटावातलं घर असेल तर औंधची यमाई आधी, वाईकडचं असेल तर मांढरदेवची काळूबाई, कराडकडचं असेल तर पालीचा खंडोबा, आटपाडीकडचं असेल तर खरसुंडीचा सिद्धनाथ. घरच्या बाईचं माहेरचं दैवत चुकून राहिलं तर बिदागी कमी. विद्यापीठात याला ‘पाठभेद’ म्हणतात म्हणे. आम्ही याला धंदा म्हणतो, आणि त्यात लाजायचं काही नाही.

पोवाडाही गोंधळ्यांनीच जपला. प्रतापगड आपल्या साताऱ्यातला. तिथं १६५९ ला अफजलखान पडला, त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या पोवाड्यांपैकी एक. पुढं ॲकवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांना बरोबर घेऊन जुने पोवाडे गोळा केले, १८९१ ला छापले. अज्ञानदासाचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते का? कारण शाहीर शेवटच्या चौकात, म्हणजे शेवटच्या कडव्यात, आपलं नाव गुंफतो. ती त्याची सही. होनाजीनं तर आणखी मोठं मन दाखवलं. रचायचा होनाजी, गायचा बाळा, आणि सही दोघांची मिळून ‘होनाजी बाळा’. गाणाऱ्याचा वाटा रचणाऱ्यानं कबूल केला, असं उदाहरण मला दुसरं चटकन सांगता येणार नाही.

म्हणून कुठलीही लावणी, पोवाडा, भेदिक कवन हाताला लागलं तर आधी शेवटचं कडवं बघा. आणि शेवटचं कडवं नसेल तर ते का नाही ते विचारा. फडात वेळ कमी पडला की ढोलक्या काय कापतो माहीत आहे का? शेवटचं कडवं. मी स्वतः कापलंय. तोडा देऊन गाणं बंद करायचं, लोक टाळ्या वाजवतात, सही गेली. दहा वर्षं असं गायलं की नव्या पोरांना ते कडवं ठाऊकच नसतं. अज्ञात कर्ता असा तयार होतो, ताई. त्यात माझ्याही हाताला थोडं पाप लागलंय.

आमच्या वाळवा तालुक्याइतकी गाण्याची माणसं दुसऱ्या कुठल्या तालुक्यानं दिली असतील असं वाटत नाही. (आमचा खानापूर, पण कौतुक करायला काय जातंय.) रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. जन्म १८६६. कुलकर्ण्याचा मुलगा, वतन असलेलं घर. ते सगळं टाकून तमाशात आला, जातीनं वाळीत टाकलं, हिवरगावच्या नाचणाऱ्या पवळेबरोबर फड गाजवला, राजेरजवाड्यांपुढं नाचवला. १९४५ ला पुण्यात वारला तेव्हा हाताशी काही उरलं नव्हतं. लोक एवढं सांगून हळहळतात. मला त्यात दुसरंही दिसतं. बापूरावाला लिहिता येत होतं, त्याच्या वह्या होत्या, म्हणून त्याचं नाव टिकलं. त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबर आमच्या वाड्यांतले किती जण तोंडी रचत होते, त्यांची नावं घ्यायला वहीच नव्हती.

त्याच तालुक्यातलं वाटेगाव. अण्णा भाऊ साठे तिथले, १९२० चा जन्म, आमच्याच समाजातला माणूस. शाळा अशी जवळजवळ नाहीच. नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशात अंगाला तमाशा लागला. पुढं मुंबईत १९४४ ला अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. त्यांनी तमाशाचं काय केलं ते वाजवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. गण म्हणजे गणपतीला नमन, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. अण्णांनी गणात मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन घातलं. ढोलकीचा ठेका तोच ठेवला. आतला माल बदलला, डबा तोच. लोकांनी चटकन उचललं, कारण पायाला ठेका ओळखीचा होता. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, मुंबईला गेलेल्या गड्याची. ज्या ओव्यांत बायको मनिऑर्डरीची वाट बघते, त्या ओव्यांना गड्यानं दिलेलं उत्तर आहे ते, असं मला कायम वाटत आलंय.

पोटाचं आता सांगतो, कारण तिथं लोक कथाच जास्त रचतात.

आमच्या घरची हलगी बलुत्याची. गावात लग्न, जत्रा, देवाची पालखी, मयत, काहीही असो, हलगी आमची. मोबदला म्हणजे सुगीला धान्य आणि वाढलेलं अन्न. वाजवायला पुढं, जेवायला शेवटी आणि लांब. माझ्या बापानं ते केलं, मी चार वर्षं केलं. तमाशाला लोक नावं ठेवतात, पण आमच्यासाठी फड म्हणजे सुटका होती. तिथं ढोलक्याला तिकीट काढून आलेला पाटील बघायचा. रात्र संपल्यावर पगार मागता यायचा. मिळायचा का, हा वेगळा प्रश्न.

फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला विट्यात फडांच्या राहुट्या लागतात, तिथं गावोगावचे यात्रेवाले येऊन सुपारी ठरवतात, इसार देतात. मग चैत्रात एक दिवसही मोकळा नाही. रात्री अकराला वाजवायला बसायचं, पहाटे वग, म्हणजे तमाशातलं नाटक, संपला की ट्रकमध्ये पेट्यांवर झोपायचं, दुपारी दुसऱ्या गावात उठायचं. माझी थोरली मुलगी चालायला लागली ते मला पोस्टकार्डावरून कळलं.

पावसाळ्याचे चार महिने हात रिकामे. तिथंच गळ बसलेला असतो. आषाढात घरात दाणे संपले की फडमालकाकडून उचल घ्यायची, आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडायची. उचल फिटत आली की पुन्हा आषाढ. मालकाला शिव्या देणं सोपं आहे. पण मालक स्वतः ट्रक, तंबू, जनरेटर यांच्यासाठी सावकाराकडून महागड्या व्याजानं घेतो, आणि यात्रेच्या आदल्या दिवशी पाऊस पडला की तोही बुडतो. २०२० आणि २०२१ असे सलग दोन हंगाम यात्रा बंद राहिल्या, तेव्हा माझ्या बरोबरीचे चांगले चांगले सुरत्ये, म्हणजे मागं सूर धरणारे, ऊसतोडीला गेले. त्यांतले सगळे परत आले नाहीत. सरकारचं वृद्ध कलावंतांचं मानधन आता महिना ५,००० झालंय, त्याचा आधार आहे. पण त्यासाठी कलाकार असल्याचे पुरावे लागतात, आणि ज्यानं आयुष्यभर मागं उभं राहून झील धरली त्याचा फोटो कुठल्या हँडबिलावर छापलेला असतो?

बाईमाणसाचं आणखी कठीण. वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ च्या. लहानपणी आईबरोबर गावोगाव गात-नाचत मागून खाल्लं. संगीत बारीत, म्हणजे वग नसलेल्या नुसत्या गाण्या-नाचाच्या तमाशात, बैठकीची लावणी अशी काही उंच नेली की दिल्लीत बिरजू महाराजांबरोबर त्यांनी कला दाखवली. २०१२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा वय सत्त्याण्णवाच्या घरात. एवढ्या उशिरा पोचणाऱ्या मानाला आमच्याकडं ‘वरात गेल्यावर घोडं’ म्हणतात. त्यांची लावणी एकदा ऐका आणि सिनेमातली एक ऐका. सिनेमात ओळ एकदा म्हणतात आणि कॅमेरा हलतो. बैठकीत एकच ओळ दहा वेळा येते, दर वेळी डोळ्याचा, हाताचा अर्थ वेगळा. वाजवणाऱ्याला तिथं बाईच्या डोळ्याकडं बघून वाजवावं लागतं, बोटांकडं नाही.

वाद्याचंही पोटाशीच नातं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांचं नाव जगभर आहे, ते घडवणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. राजांच्या तलवारी म्यानात गेल्या, हात लाकडाकडं वळले. हलगीला एवढं काही लागत नाही: कडं, शेळीचं चामडं, आणि शेकायला जाळ. आमच्याकडं उसाचं पाचट उदंड. मैदानात जोड सुटायच्या आधी पाचट पेटवून हलगी तापवायची, बोटानं टिचकी मारून बघायची. खणखणली की पलवान अंग झटकतो. घुमकं आणि कैताळ जोडीला असले की कुंडलच्या मैदानात म्हातारीही पायाची बोटं हलवते.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. माझा चुलता कवनं करायचा. शिक्षण दुसरी. त्यानं एक गौळण केली, आम्ही ती फडात अकरा-बारा वर्षं गायली, दुसऱ्या फडांनी उचलली. कॅसेटचा जमाना आला तेव्हा एका कंपनीनं आमच्या तिघांना नेलं, दिवसभरात आठ गाणी घेतली, चुलत्याला दोनशे रुपये दिले. कॅसेट आली. कव्हरवर गाणाऱ्याचं नाव होतं, संगीताच्या नावाखाली असा एक माणूस होता ज्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि गीताच्या पुढं लिहिलं होतं ‘पारंपरिक’. चुलत्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं. विचारलं, “म्हंजे काय?” मी म्हटलं, “म्हंजे लई जुनं.” तो म्हणाला, “मी काय मेलोय व्हय?”

‘पारंपरिक’ लिहिलं की कुणाला मानधन द्यावं लागत नाही, हे मला पुढं कळलं. माझ्या काळातल्या कॅसेटींवरची ‘पारंपरिक’ गाणी काढून बघा, त्यांतली निदान काही अशीच कुणाच्या तरी चुलत्याची निघतील.

आणि उलटंही घडतं. येडेनिपाणीचे, परत वाळवाच बघा, पी. सावळाराम. ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’ हे त्यांनी लिहिलेलं, वसंत प्रभूंनी चाल दिलेलं, लताबाईंनी गायलेलं. रेडिओवर नावासकट लागायचं. तेच आमच्याकडं मुलगी सासरी निघाली की बँडवाले क्लॅरिनेटवर वाजवतात आणि मागं बायका म्हणतात, शब्द आपल्या सोयीनं बदलून. विचारलं तर सांगतील, “जुनंच हाय की, माझी आई म्हनायची.” शंभर वर्षांपूर्वी असतं तर हेही ‘कर्ता अज्ञात’ झालं असतं. लोकगीत तयार कसं होतं ते बघायला जुन्या काळात जायला नको, मे महिन्यात एखाद्या मांडवात उभं राहा.

तुम्हाला प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर आमच्याकडं या. चुलता आता नाही, चुलती आहे. त्याची ती गौळण तिला अख्खी येते, शेवटच्या कडव्यासकट, नावासकट. सकाळी येऊ नका, तिची कामं असतात. दुपारी तीनच्या पुढं या, मोबाईल लगेच पुढं करू नका, आधी चहा घ्या. ती म्हणेल मला काही येत नाही. तेव्हा गप्प बसायचं. परात ती स्वतःच मागून घेईल.